जाड बाजू मागे

मृगाचा पाऊस दोनदा नीट पडून गेला की जिंतूर तालुक्यातल्या काळ्या जमिनीचा स्वभाव बदलतो. मे महिन्यात जिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जात होता तीच जमीन आठवड्याभरात फुगते, चिकट होते आणि जे येईल त्याला धरून ठेवते. बैलाचा खूर, नांगराचा फाळ, टायरची नक्षी, काहीच तिला वर्ज्य नाही. बसाल्टचा खडक झिजून झालेली ही माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ताही एका जागी स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात वर येतो, उन्हाळ्यात खाली जातो, आणि डांबराला लाटा पडतात.

पाणंदीची गोष्ट आणखी अवघड. ट्रॅक्टर जाऊन जाऊन तिथे दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंच वरंबा उरतो. ट्रॅक्टरचं पोट त्या वरंब्यावरून निघून जातं. चारशेसातचं, म्हणजे टाटाच्या लहान ट्रकचं, निघत नाही. मागच्या आसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा लोखंडी गोळा वरंब्यात घुसतो, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि बियाण्याच्या थैल्या डोक्यावरून वाहायची वेळ येते. राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती याच दुखण्यासाठी. पण सगळ्या पाणंदी पक्क्या होईपर्यंत पेरणी थांबत नाही. मग गाडीवाला त्याच्या हातात असलेला एकच उपाय करतो. गाडी उचलून घेतो.

उचलायच्या रीती ठरलेल्या आहेत. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. त्यात जास्तीचा पाटा चढवायचा. कमानीच्या टोकाला लोंबणारी जोडपट्टी, म्हणजे शॅकल, लांब करायची. मागे आस आणि कमान यांच्या मधे लोखंडी ठोकळा सरकवायचा. वर मोठे टायर. दोन दिवसांचं काम. संध्याकाळी गाडी गॅरेजातून बाहेर पडते तेव्हा ती तीन इंच उंच झालेली असते, चौकातल्या माणसाला दुरून दिसावी इतकी. मालकाने पैसे उंचीचे दिलेले असतात, उंची मिळालेली असते. गाडीच्या पोटाखाली जे बदललं ते मात्र उभ्या माणसाच्या नजरेला पडत नाही. त्यासाठी खाली झोपावं लागतं.

अशी एक गाडी डोळ्यांपुढे आणावी. एमएच २२ पाटीची, म्हणजे परभणीची, दहा-बारा वर्षं राबलेली टाटा ४०७. १९८६ साली बाजारात आलेल्या या गाडीने मराठवाड्यातला कापूस, हरभरा, म्हशी, मंडपाचे बांबू आणि वऱ्हाडं, सगळं वाहिलं आहे. पुढचा आस एकसंध, त्यावर कमानी, वर चौकट; रचना साधी आणि दणकट. पंचविशीतला तिचा चालक उंची वाढवून आठ दिवस झाल्यावर रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे येतो. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो.

"चाचा, गाडी हातात ऱ्हाईना. माल भरला की नीट पळती. रिकामी झाली की कुठंबी जायलीय. बोरीच्या पुढं तर एका खड्ड्यात स्टेअरिंग आपोआपच फिरलं."

"उचलल्यावर ओळंबा बघितला का कुणी?"

"ओळंबा? ते तर घराच्या भिंतीला लावतेत ना?"

चाचा उत्तर देत नाहीत. पोतं अंथरतात आणि गाडीखाली जातात.

त्या पोरानं सांगितलेल्या तीन ओळींत दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि बहुतेक गॅरेजांत त्यांना एकच समजलं जातं. खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप फिरणं हा एक. रिकाम्या गाडीने भरकटणं हा दुसरा. दोन्हींचं मूळ उंचीत असलं तरी वाटा वेगळ्या आहेत.

आधी चाचा सुतळी काढतात. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ती ताणून धरली की पुढची चाकं एकमेकांना किती समांतर आहेत ते कळतं. संगणकाचं व्हील अलाइनमेंट येण्याआधी सगळ्या महाराष्ट्रात ट्रकची चाकं याच सुतळीवर सरळ झाली. इथे सुतळी सांगते की हे माप बिघडलेलं नाही. बिघडायचं कारणही नाही. दोन पुढच्या चाकांना जोडणारा टाय रॉड आसाच्याच अंगावर बसलेला असतो. चौकट वर गेली तरी आस, चाकं आणि तो दांडा यांचं आपसातलं नातं जसंच्या तसं राहतं.

या नात्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. बैलगाडीला त्याची गरज पडली नव्हती. दोन चाकं, एक आस, आणि वळवायचं काम बैलांच्या खांद्यांकडे. चार चाकं आली की प्रश्न सुरू होतो, कारण वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारख्याच कोनात वळवली तर त्यांतलं एक घासत जाणार. म्युनिकचा गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेनस्पर्गर याने आतलं चाक जास्त वळेल अशी रचना काढली, आणि १८१८ साली लंडनच्या रुडॉल्फ ॲकरमन याने तिचं इंग्लंडमधलं पेटंट घेतलं. ॲकरमन ओळखला जायचा तो चित्रांचा आणि पुस्तकांचा प्रकाशक म्हणून. नाव त्याचं राहिलं. चाचांना यातलं कोणतंच नाव माहीत नाही, पण स्टबचे, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या जोडाचे, हात थोडे आत का झुकलेले असतात हे ते खडूने जमिनीवर दोन वर्तुळं काढून दाखवू शकतात.

आता ड्रॅग लिंक. स्टेअरिंगच्या पेटीतून खाली आलेला हात, म्हणजे पिटमन आर्म, आणि उजव्या चाकाचा स्टब यांना जोडणारा हा लांब दांडा. त्याचं एक टोक चौकटीवरच्या पेटीकडे, दुसरं आसाकडे. चौकट उचलली की पहिलं टोक वर जातं, दुसरं जागेवर राहतं. आधी जवळजवळ आडवा असलेला दांडा उतरता होतो. सगळा घोळ या उतारात आहे, आणि तो वहीत मांडून बघण्यासारखा आहे, कारण त्याला शाळेतल्या पायथागोरसपेक्षा जास्त काही लागत नाही.

दांडा ६०० मिलिमीटर लांबीचा धरू. तो आडवा असताना चाक खड्ड्यात ५० मिलिमीटर खाली गेलं किंवा उंचवट्यावर तितकंच वर आलं, तर दांड्याची आडवी पोच दोन्ही वेळा सुमारे २ मिलिमीटरने कमी होते. वर-खाली काहीही होवो, ओढ एकाच दिशेला आणि नगण्य. चालकाच्या हाताला ती कळतही नाही. आता गाडी ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच उचलली, दांड्याचं आसाकडचं टोक तेवढं खाली राहिलं. चाक ५० मिलिमीटर वर आलं की तोच दांडा स्टबला सुमारे ४ मिलिमीटर ढकलतो. ५० मिलिमीटर खाली गेलं की सुमारे साडेआठ मिलिमीटर ओढतो. स्टबचा हात १५० मिलिमीटरचा धरला तर साडेआठ मिलिमीटर म्हणजे चाकाचा तीन अंशांहून जास्त वळसा. कमानीचं स्वतःचं मागेपुढे सरकणं या हिशेबात धरलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतील. पण चित्र खरं आहे: आधी दोन मिलिमीटरचा खेळ होता, आता साडेबारा मिलिमीटरचा झाला, आणि आता तो दोन्ही दिशांना आहे. बोरीच्या पुढच्या खड्ड्यात त्या पोराच्या हातातलं स्टेअरिंग दांड्याने फिरवलं होतं.

गाडी उभी असतानाही हा उतार एक खूण देतो. स्टेअरिंगचं चाक तिरकं बसतं. त्यावरचा सोपा उपाय सगळ्यांना माहीत आहे: वरचा नट सोडायचा, चाक उपसायचं, सरळ करून पुन्हा बसवायचं. डोळ्याला समाधान मिळतं. पण स्टेअरिंगच्या पेटीत आतल्या गिअरची एक मधली जागा असते. तिथे दात सर्वांत घट्ट बसतात, म्हणजे गाडी सरळ चालताना चाकात सैलपणा राहू नये. वरचं चाक उपसून सरळ केलं तर डोळ्यांसमोर ते सरळ दिसतं आणि पेटीच्या आत गिअर मधल्या जागेवरून सरकलेलाच राहतो. गाडी आयुष्यभर सैल बाजूवर पळते. खरी दुरुस्ती ड्रॅग लिंकच्या लांबीत असते. टोकाचा क्लॅम्प सोडून दांडा दोन-चार आटे फिरवायचा, पेटी मधल्या जागी आणायची, क्लॅम्प आवळायचा. दहा मिनिटांचं काम. ते ज्या गॅरेजात गाडी उचलली तिथे व्हायला हवं होतं.

लांबी जुळली तरी उतार उरतोच. त्यासाठी पिटमन आर्मचं टोक खाली आणावं लागतं, आणि इथे चाचांचा आवाज चढतो. खाली वळलेला, घडीव पोलादाचा तयार हात मिळतो तो बसवायचा, आणि त्याची किंमतही मोजायची, कारण जेवढा तो खाली लोंबतो तेवढा पेटीच्या शाफ्टवर पीळ वाढतो. पण पैसे वाचवायला काही जण जुनाच हात भट्टीत तापवून, घणाने ठोकून वाकवतात. तो हात घडवल्यावर ठरावीक उष्णतेला तापवून, ठरावीक रीतीने थंड करून कणखर केलेला असतो. लोहाराच्या भट्टीत लाल झाला की ती कणखरता जाते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रंग मारला की नवा वाटतो. तो तुटला तर चालकाच्या हातात स्टेअरिंग राहतं आणि चाकांवर कुणाचाच ताबा नसतो. हे लिहिताना शब्द सौम्य करायचं काही कारण नाही: स्टेअरिंगचा कुठलाही भाग तापवून वाकवणं किंवा वेल्ड करणं म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीतल्या पन्नास माणसांचा जीव जुगारात लावणं आहे.

चाचा आपल्या गॅरेजात हे करू देत नाहीत. त्यापायी गिऱ्हाईक गेलं तरी.

आता दुसरा आजार. भरली की नीट, रिकामी की वेडी. हे कोडं जास्त सुंदर आहे.

दवाखान्यातल्या स्ट्रेचरची लहान चाकं आठवावीत. चाक ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्या मागे ते रखडत येतं. म्हणून ढकललं की ते आपोआप सरळ होतं. ट्रकच्या पुढच्या चाकांनाही हीच युक्ती दिलेली असते. चाक ज्या किंगपिनवर वळतं ती पिन बरोबर उभी नसते; तिचा माथा किंचित मागे झुकलेला असतो. त्यामुळे पिनची रेषा जमिनीला जिथे भेटते त्याच्या थोडं मागे टायर टेकतो, आणि गाडी पुढे निघाली की चाक सरळ राहायला बघतं. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. मोजून काही अंशांचा असतो. वळण घेऊन झाल्यावर स्टेअरिंग हातातून सरकत आपोआप परत येतं ते मुख्यतः या झुकावामुळे. तो कमी झाला की गाडी रस्त्यावर जागा शोधत फिरते. त्यात किंगपिन झिजलेली असेल, टाय रॉडची टोकं सैल असतील, तर एखाद्या खड्ड्यानंतर अख्खा पुढचा आस थरथरायला लागतो आणि गाडी जवळजवळ थांबल्याशिवाय ती थरथर जात नाही.

आता त्या चारशेसातकडे पुन्हा बघावं. पुढे उचलली, मागे त्याहून जास्त उचलली, कारण माल मागे भरायचा आणि कमान बसू नये म्हणून पाटे वाढवून खाली ठोकळाही घातलेला. तीन मीटर अंतराच्या दोन आसांमध्ये मागची बाजू पुढच्यापेक्षा १० सेंटीमीटर जास्त चढली तर सगळी चौकट सुमारे १.९ अंशांनी नाकावर झुकते. चौकटीबरोबर कमान, कमानीबरोबर आस, आसाबरोबर किंगपिन. जेमतेम तीन-चार अंशांच्या पुंजीतले दोन अंश तिथेच संपतात. शॅकल पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत ते लांब केलं तर आणखी काही जातात. मागच्या टोकाला असेल तर उलट थोडे परत मिळतात. गाडीवर तीन टन माल चढला की मागची कमान दबते, चौकट सपाट होते, झुकाव परत येतो, गाडी शहाण्यासारखी पळते. मोंढ्यात माल उतरवून चालक शिट्टी वाजवत परत निघतो, आणि रिकाम्या गाडीने तो झुकाव पुन्हा गमावलेला असतो. ओझं होतं तोवर गाडी सरळ होती. लोक म्हणतात रिकामी गाडी हलकी म्हणून उडते. पूर्ण कारण ते नाही.

चाचा गाडी वजनकाट्यावर नेतात, कारण आख्ख्या परिसरात खात्रीची सपाट जागा तीच. नातवाने मोबाइलमध्ये घालून दिलेलं कोनमापक कमानीच्या बैठकीवर ठेवतात, शेजारी ओळंबा सोडून ते पडताळतात. अर्धा अंश. चालक पडद्याकडे बघत राहतो. त्या आकड्याला काय म्हणायचं ते त्याला अजून कळलेलं नाही, पण चाचांच्या चेहऱ्यावरून अंदाज येतो.

थोडी दुरुस्ती काहीही न घालता होते. मागचा ठोकळा काढला, मागची बाजू पाच सेंटीमीटरने खाली आली, एक अंश परत. मालकाला हे आवडत नाही. त्याने ठोकळ्याचे पैसे मोजलेत. उरलेल्या दुरुस्तीसाठी मात्र पाचर लागते.

पाचर या शब्दाला मराठीत वाईट नाव आहे. कुणाच्या कामात पाचर मारली म्हणजे खोडा घातला. सुतार तसं म्हणणार नाही. कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात घट्ट राहतो तो पाचरीमुळे, खाटेचा पाय डुगडुगायचा थांबतो तो पाचरीमुळे. आणि खानदेशात तर पाचरीवर अख्खा रथ वळतो. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ पासूनची ही प्रथा. चार भल्या मोठ्या लाकडी चाकांच्या त्या रथाला स्टेअरिंग नाही, ब्रेक नाही. दोर ओढणारे शेकडो हात त्याला फक्त पुढे नेऊ शकतात. थांबवायचं आणि दिशा द्यायची ती चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून. मोगरी लावणारी माणसं रथाच्या चाकालगत चालतात, चाक जवळ येताना नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात लाकूड टाकतात आणि हात मागे घेतात. एवढ्या गर्दीत लोकांचं लक्ष कळसाकडे असतं. रथ कोणत्या गल्लीत वळणार हे ठरवणारी माणसं चाकापाशी वाकलेली असतात.

जिंतूरकरांना लहान आधाराचं मोल नव्याने सांगायला नको. गावाजवळ नेमगिरीचा डोंगर आहे; तिथल्या जैन गुंफांत अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. जिंतूरचं जुनं नाव जैनपूर होतं असं परंपरा सांगते. अंतरिक्ष म्हणजे अधांतरी. ती भलीमोठी पाषाणमूर्ती अगदी लहानशा दगडाच्या टेकूवर तोललेली आहे, आणि बाकीच्या तळाखाली मोकळी जागा आहे. भाविक तिथे वाकून, जमिनीलगत डोकं नेऊन, मूर्तीखालचा तो उजेड बघतात. पाषाण वर किती उंच आहे हे उभ्याने दिसतं; तो कशावर उभा आहे हे बघायला गुडघे टेकावे लागतात. आठव्या-नवव्या वर्षी आईबरोबर तिथे वाकलेलं जिंतूरचं पोर पुढे ट्रकखाली झोपायला शिकतं तेव्हा त्याच्या डोळ्यांना ती सवय आधीच झालेली असते असं मानायला आवडेल.

चाचांची पाचर पोलादाची, तळहातात मावणारी. कमानीची बैठक १०० मिलिमीटर धरली तर दोन अंशांच्या पाचरीची जाड बाजू पातळ बाजूपेक्षा फक्त साडेतीन मिलिमीटरने जास्त. पोस्टकार्डांची एक लहानशी चळत. तेवढ्याने आस दोन अंश फिरतो. पण तिला दिशा आहे. ट्रकमध्ये कमान आसाच्या वर बसते. तिथे पाचरीची जाड बाजू मागे यायला हवी, तरच किंगपिनचा माथा मागे झुकतो. उलटी बसली तर मिळायचे ते दोन अंश उलट जातात आणि गाडी आधीपेक्षा वाईट होते. कमान आसाच्या खालून असलेल्या गाड्यांत हाच नियम फिरतो. एकच वस्तू, तीच जागा, तेच बोल्ट. फक्त तोंड कुणीकडे यावर सगळं. आणि पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जाते अशा चार चाकी ओढीच्या गाडीत आस फिरवला की प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोनही फिरतो, गाडी गुणगुणायला लागते, आणि मिस्त्रीला स्टेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मधला मार्ग काढावा लागतो.

मुळातच उंच असणाऱ्या गाड्या वेगळ्या जन्मतात. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलिज जीप जुळवायला सुरुवात केली, ती लढाईच्या मैदानासाठी आखलेली गाडी होती. अहिल्यानगरला लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे; तिथे गाडीची उंची, कोन, ब्रेक, वजनाचा मध्य हे सगळं एकत्र तपासलं जातं. पेटी कुठे बसवायची, दांडा किती आडवा ठेवायचा, हे उंचीबरोबरच ठरतं. गॅरेजात उंची आधी येते आणि बाकीचं मागून, किंवा येतच नाही.

म्हणून कायदा कठोर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे मांडलं. या कठोरपणामागे अर्थ आहे. कोन दुरुस्त केले तरी एक गोष्ट कुठलीच पाचर परत आणत नाही. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि वजनाचा मध्य १.१ मीटर उंचीवर असलेली गाडी पंचाहत्तर मिलिमीटर उचलली की वळणावर कलंडण्याचा तिचा उंबरठा सहा-सात टक्क्यांनी खाली येतो. त्यावर कापूस भरावा. दोऱ्या बांधून दोन्ही अंगांनी फुगलेला, केबिनच्या वर पुरुषभर चढलेला मराठवाड्यातला कापूस. येलदरीच्या रस्त्यावरच्या वळणांना पाणंदीतल्या वरंब्याची अडचण ऐकवून उपयोग नसतो.

गाडीवाल्याला दोष देणं इथे सोपं आहे आणि अपुरं. त्याच्या बियाण्याच्या थैल्या वरंब्यापाशी अडकल्या होत्या. परिवहन कार्यालयात जाऊन काय चालतं ते विचारायला हवं होतं, उचलायचीच नव्हती, किंवा एखाद्या इंचावर थांबायला हवं होतं. हे सगळं खरं. पण ज्याने पैसे घेऊन ठोकळा घातला त्याच्याकडून एक वाक्य त्याला मिळायला हवं होतं: उंची वाढली, आता कोन बघावे लागतील. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या वर्गात कॅस्टर, कॅम्बर, टो-इन हे शब्द मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात. गॅरेजात मात्र ज्ञान अजून उस्तादाच्या हातातून चेल्याच्या हातात जातं, आणि उस्ताद ज्या गोष्टी करून दाखवतो पण बोलून दाखवत नाही त्या वाटेत गळतात. पाचर कुठल्या तोंडाने बसवायची हे मराठीत, चार ओळींत, चित्रासकट लिहिलेला एक कागद रस्त्याकडेच्या प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर असावा, असं मनापासून वाटतं. लिंबू-मिरचीच्या शेजारी जागा असते.

दुपार कलते तेव्हा जुने यू बोल्ट निघालेले असतात. चाचा ते पुन्हा वापरत नाहीत. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तितकाच ताण धरील याची खात्री नसते. सेंटर बोल्ट बदलून पाचरीच्या जाडीएवढा लांब घेतलेला, कारण त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पुरतं बसलं पाहिजे, नाहीतर आस हळूहळू सरकत जातो. पाचर बसवण्याआधी चाचा खडू घेतात. तिच्या जाड कडेवर बाण काढतात आणि बाणाशेजारी लिहितात: मागे. मग दुसऱ्या पाचरीवर तेच. चालक विचारतो, "आता तर तुमी सोताच बसवायलात, मंग लिवता कशाला?"

"मी नसलो तर? दुसऱ्या कुणी खोललं तर त्याला कळावं."

घडीव पिटमन आर्म बसतो, ड्रॅग लिंक पुन्हा जवळजवळ आडवी होते, पेटी मधल्या जागी आणून क्लॅम्प आवळले जातात. गाडी काट्यावर परत. कोनमापकावर साडेतीनच्या आसपास, कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत. चाचा स्वतः शेजारी बसतात. बोरीच्या रस्त्याला रिकामी गाडी चाळीसच्या वेगाने जाते, पन्नासच्या जाते. तोच खड्डा येतो. चालकाची बोटं आवळतात. गाडी दणकते, वरची पाटी खडखडते, आणि स्टेअरिंग जिथे होतं तिथेच राहतं. थोडं पुढे जाऊन वळण येतं, वळण संपताना चाचा म्हणतात, "सैल सोड." पोरगा तळहात उघडतो. चाक त्याच्या बोटांखालून सरकत हळूहळू परत मधे येतं.

पैसे घेताना चाचा सांगतात की दोनशे किलोमीटर झाले की परत ये. नवे बोल्ट एकदा बसतात, मग थोडे सैलावतात. पाच दिवसांनी तो येतो, सोयाबीनच्या बियाण्याची एक फाटकी थैली अजून मागे पडलेली. चाचा पुन्हा पोतं अंथरून खाली जातात. खडूचा बाण चिखलाखाली गेलेला असतो; अंगठ्याने पुसल्यावर अक्षरं दिसतात. पाना लावतात, जोर देतात. पहिला बोल्ट पाव फेरा फिरतो. दुसरा जरा कमी. चौथ्यापाशी पाना हलत नाही, आणि चाचा एक-एक करून चारही पुन्हा तपासतात.